आंबवड्याचं ऊन पाणी

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर आंबवडे येतं. ओढ्यावर संस्थानी काळातला झुलता पूल, पलीकडे दाट झाडीत नागेश्वराचं देऊळ, तिथेच शंकराजी नारायण सचिवांची समाधी. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्याही याच गावातल्या. इतिहासानं आंबवड्याला भरभरून दिलं, भूगर्भानं मात्र एका बाबतीत हात आखडता घेतला. वरंधा घाट उतरून महाडकडे गेलं की सावित्रीकाठच्या सव गावात जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वराच्या बाजूला तुरळ, राजवाडी आणि आरवली, उत्तरेला वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी ही सगळी माळ सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पसरलेली आहे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल जातं, पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जागृत ज्वालामुखीचा इथे काही संबंध नाही; दख्खनचा लाव्हा थंड होऊनच साडेसहा कोटी वर्षं झाली. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं, थेट अंगावर घेण्याची सोय नाही.

घाटाच्या अलीकडे, भोर-वेल्ह्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. इथे ऊन पाणी हवं तर ते तापवावं लागतं आणि ते तापवायची जागा म्हणजे न्हाणीच्या कोपऱ्यातला तांब्याचा बंब.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर ‘स्विमिंग पूल, रेन डान्स’ अशा पाट्या दिसू लागल्या तेव्हा जुन्या माणसांना त्याची गंमत वाटली असेल तर नवल नाही. ‘इहीर काय वाईट व्हती?’ हा त्यांचा प्रश्न. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून, पुढे ट्रॅक्टरच्या ट्यूबवर, इथली पोरं विहिरीतच पोहायला शिकली. मुटका मारला की पाणी पार काठावरच्या माणसांपर्यंत उडालं पाहिजे, हीच परीक्षा. पाट्यांवरच्या निळ्या टाइलच्या तलावांची अडचण वेगळीच असते: डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पुण्या-मुंबईची गर्दी नेमकी येते तेव्हा, त्यात उतरायला कुणी धजत नाही. पाहुणे काठावर फोटो काढतात आणि मिसळ खायला जातात.

विहिरीचं मात्र तसं नव्हतं. थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना या भागातल्या प्रत्येकानं पाहिल्या आहेत. कारण साधं आहे. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास त्या प्रदेशाच्या सरासरी तापमानाला राहतं. पुण्याच्या परिसरात ते पंचवीस अंशांच्या आगेमागे असतं. बाहेर बारा अंश असताना विहीर पंचविशीत असते, म्हणून ती वाफाळते आणि अंगाला कोमट लागते. उथळ, उघडा तलाव रात्रभर आभाळाकडे पाठ शेकायला ठेवल्यासारखा पडून असतो, फक्त शेकण्याऐवजी तो निवत जातो. परसात स्वस्तातला गरम तलाव करू पाहणाऱ्यानं पहिला धडा इथूनच घ्यावा. जमिनीवर पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं टाकं उभं करण्यापेक्षा जमिनीत खड्डा घ्यावा आणि तो विहिरीच्या पाण्यानं भरावा. पहिले दोन-तीन अंश तिथे फुकट मिळतात.

आता हिशेब. परसातला बेताचा तलाव सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर वीस सेंटीमीटर खोल धरू. पाणी मावतं २१,६०० लिटर. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. बावीस अंशांचं पाणी अठ्ठावीसवर न्यायचं तर १,२९,६०० किलोकॅलरी, म्हणजे दीडशे युनिट. खेड्यातल्या साध्या घराला महिनाभराहून अधिक पुरेल इतकी वीज एका डुबकीपायी! बंबात बसतं वीस-पंचवीस लिटर. त्या मापानं हा तलाव जवळपास हजार बंबांचा झाला.

इथेच बहुतेक जण हात टेकतात किंवा मोठ्या हीटरची चौकशी करतात. दोन्ही उतावीळपणाचं, कारण तलावाचं खरं दुखणं तापण्यात नसून निवण्यात आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. थंड, कोरड्या रात्री कोमट तलावातून चार मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर अठरा चौरस मीटरवर ते बहात्तर लिटर होतं आणि त्याबरोबर सुमारे अठ्ठेचाळीस युनिटची उष्णता जाते. पूर्ण तलावाचे जवळपास दोन अंश एका रात्रीत, नुसत्या वाफेवाटे. म्हणून या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत स्वस्त आहे: पाण्यावर तरंगणारं झाकण. बुडबुड्यांची पारदर्शक निळी शीट बाजारात मिळते. ती दिवसा ऊन आत सोडते आणि रात्री वाफ अडवते. ती मिळेपर्यंत जाड प्लास्टिक पाण्याला चिकटून पसरलं तरी बरंच काम होतं. वरून ताडपत्री ताणली आणि खाली हातभर हवा ठेवली, तर मात्र उपयोग निम्म्यावर येतो. झाकण पाण्याला टेकलेलं हवं.

शेततळी आल्यापासून खड्डा आणि अस्तर यांचं ज्ञान गावोगाव पोचलं आहे. राज्य सरकारनं २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, त्यात पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं. पाचशे मायक्रॉनचा काळा कागद (शेतकरी त्याला कागदच म्हणतात) कसा अंथरायचा, जोड कसे गरम करून चिकटवायचे, कडा चर खणून मातीत कशा गाडायच्या, हे सांगणारा माणूस आता तालुक्यात सहज भेटतो. खड्ड्यातले टोकदार मुरूम-दगड वेचून खाली मऊ मातीचा थर दिला नाही तर कागद फाटतो, हेही त्यालाच ठाऊक. पण शेततळं म्हणजे तलाव नव्हे. उतरत्या बाजूंच्या कागदावर शेवाळ धरलं की त्यावर पाय ठरत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात आणि त्यात पोहता येणारेही असतात. काठाशी येऊनही वर चढता येत नाही, ही त्यातली भीषण गोष्ट. पोहायचा खड्डा घ्यायचा तर बाजू उभ्या हव्यात, पायऱ्या बांधीव हव्यात आणि भोवती पोराच्या छातीपेक्षा उंच कुंपण व बाहेरून लागणारी कडी हवी. पैसे वाचवायचे ते टाइल, दिवे आणि कारंजी यांत. पायऱ्यांत आणि कुंपणात वाचवणाऱ्यानं तलावाचा नाद सोडलेला बरा.

बाकीचं सामान ठिबकच्या दुकानात मिळतं, हे ऐकून शहरातल्या तलाव-कंत्राटदारांना कदाचित राग येईल. पण एप्रिलच्या दुपारी ठिबकचा पंप चालू केला की लॅटरलच्या टोकातून पहिलं पाणी हात भाजेल असं येतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. काळी नळी आणि ऊन, झाला सौर हीटर. जगभर तलाव तापवायला ज्या बिनकाचेच्या सौर चटया वापरतात, त्यांचं तत्त्वही हेच आहे. फक्त मांडणी नीट हवी. पाचशे मीटरचं बंडल जसंच्या तसं वेटोळं करून पत्र्यावर टाकलं आणि एका टोकानं पाणी ढकललं, तर पंप धापा टाकतो आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी धार येते. त्यापेक्षा शेतातलाच आराखडा छपरावर न्यावा: खाली सबमेन, वर दुसरी सबमेन आणि त्यांच्यामध्ये पंधरा-वीस मीटरच्या समांतर लॅटरल, अर्थात छिद्र नसलेल्या. सोळा मिलिमीटरच्या पाचशे मीटर नळीचं उन्हाला दिसणारं अंग आठ चौरस मीटर होतं. पुण्याच्या परिसरात चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी पाचेक युनिट ऊन पडतं. त्यातलं साठ-पासष्ट टक्के पाण्यात उतरलं, तर दिवसाला पंचवीस युनिटच्या घरात उष्णता मिळते. म्हणजे तलावाला रोज एक अंश.

या रचनेत एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. परतीच्या नळीतून पाणी कढत आलं की माणूस खूश होतो आणि जेमतेम कोमट आलं की यंत्रणा फसली म्हणतो. प्रत्यक्षात उलटं आहे. पाणी जोरात फिरवलं की नळी थंड राहते, तिची उष्णता वाऱ्यावर कमी जाते आणि तलावाच्या पदरात जास्त पडते. परतीचं पाणी दोन-तीन अंशांनीच चढलेलं असावं. तसंच पंप बंद केल्यावर छपरावरून पाणी माघारी ओढलं जातं आणि उन्हात मऊ झालेल्या नळ्या चपट्या होतात. त्यावर इलाज म्हणजे सर्वांत उंच जागी एअर व्हॉल्व्ह. तोही ठिबकच्याच दुकानात. पाणी गाळायला शेततळ्यावर बसवतात तो वाळूचा फिल्टर चालतो, पुढे जाळीचा किंवा चकत्यांचा छोटा फिल्टर दिला की झालं.

हे सगळं करूनही तलावाचा सर्वांत मोठा उष्णतासंग्राहक तलाव स्वतःच असतो. अठरा चौरस मीटर पाणी दिवसभर ऊन पितं. काळा कागद असेल तर आणखीच. म्हणून परसात सावलीचा, आंब्याखालचा कोपरा निवडणाऱ्याला दुपारचा गारवा मिळेल, ऊन पाणी मिळणार नाही.

विजेचा मार्ग ज्याला घ्यायचाच आहे त्यानं हीटरची कांडी विसरावी आणि हीट पंप बघावा. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणून टाकतो. बरा पंप एका युनिटच्या बदल्यात चार युनिटची उष्णता देतो. केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान आहे. एवढे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट देतात. बाराचे चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे उघड्या तलावातून एका रात्रीत वाफेवाटे गेली होती तेवढीच उष्णता. झाकण टाकलं तर हाच आकडा नफ्यात जमा होतो. पण हीट पंपाची किंमत स्वस्तातल्या तलावाच्या उरल्या खर्चापेक्षा जास्त भरू शकते, त्यामुळे हा मार्ग पाहुण्यांकडून पैसे घेणाऱ्या कृषी पर्यटन केंद्राला शोभतो, घरच्या चार माणसांना नाही.

घरच्या चार माणसांसाठी मुळात तलाव तापवण्याची गरजच काय, असाही प्रश्न विचारता येतो. तलाव मार्च ते जून पोहायला ठेवावा आणि थंडीसाठी वेगळं, लहान टाकं करावं. शहरात त्याला स्पा म्हणतात. चार माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढं, हजार लिटरचं. त्याचा हिशेब एकदम माणसात येतो. वीस अंशांचं हजार लिटर पाणी एकोणचाळीसवर न्यायला एकोणीस हजार किलोकॅलरी पुरतात, म्हणजे बावीस युनिट. सौर हीटरच्या भाषेत तर पाटी-पेन्सिलही नको: साठ अंशांचं पाचशे लिटर आणि वीस अंशांचं पाचशे लिटर मिसळलं की चाळीस अंशांचं हजार लिटर.

आणि सरपणाच्या भाषेत? इथे बंब पुन्हा आठवतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेल्या त्या पात्राची रचना बारकाईनं पाहावी. मधोमध जाळाची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राख काढायचं तोंड. आग पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णतेला पळायला वाव कमी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तापून वर आलेलं पाणी तोटीतून बाहेर पडतं. करवंट्या, चिपाडं, शेंगांची टरफलं, गोवऱ्यांचे तुकडे, वाळल्या काटक्या, त्याला काहीही चालतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पहाटे धडधडणारा बंब एकामागून एक सगळ्या घराला पाणी पुरवायचा.

टाक्याशी बंब जोडायचा तर तो नरसाळ्याचा न ठेवता बंदिस्त करावा. त्याला दोन नळ्या द्याव्यात. एक टाक्याच्या तळातून बंबाच्या तळाशी, दुसरी बंबाच्या माथ्यावरून टाक्याच्या वरच्या अंगाला, पण पाण्याच्या पातळीखाली. बंब टाक्याच्या तळापेक्षा खाली बसला की तापलेलं हलकं पाणी वर चढतं, गार पाणी त्याच्या जागी खाली येतं आणि पंपाशिवाय फेरा सुरू होतो. या वाटेवर कुठेही तोटी किंवा व्हॉल्व्ह बसवू नये. तो चुकून बंद राहिला आणि आत जाळ असला, तर वाफेच्या दाबानं बंब फुटतो. नळ्या पाण्यानं भरल्याची खात्री केल्याशिवाय काडी लावू नये. वाळक्या लाकडात किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. निम्मी उष्णता पाण्यात उतरली तर अकरा किलो सरपणात काम होतं, निम्म्याहून कमी उतरली तर पंधरा-वीस किलोत. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही, छाटणीच्या फांद्या पुरतात. धूर मात्र शेजाऱ्याच्या खिडकीत जातो, याचा विचार धुराडं बसवण्याआधी व्हावा.

जपान्यांनी हेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. त्यांच्या गोएमोनबुरोत लोखंडी घंगाळ थेट चुलीवर असतं आणि पाय भाजू नये म्हणून तळाला लाकडी फळी दाबून तिच्यावर बसायचं. १५९४ साली कढईत उकळून मारलेल्या इशिकावा गोएमोन या दरोडेखोराचं नाव न्हाणीघरातल्या वस्तूला द्यायचं धाडस त्यांनाच जमो. त्यांची एक शिस्त मात्र उचलण्याजोगी आहे. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ अंघोळ, मग टाक्यात नुसतं शेकत बसायचं. सगळ्या घराला एकच पाणी, मधल्या वेळात वर झाकण.

गरम पाण्याचे नियमही कडक असतात. चाळीस अंशांच्या वर टाकं नेऊ नये. पाव तासाच्या वर बसू नये. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण, लहान मूल आणि पिऊन आलेला पाहुणा यांनी काठावरच गप्पा माराव्यात. शिवाय कोमट, साचलेलं, औषध न घातलेलं पाणी जंतूंना फार मानवतं. केरळात २०२४ साली अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वरानं माणसं दगावली. हा अमिबा अशाच गोड्या कोमट पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून टाक्याचं पाणी दर वेळी ताजं भरावं आणि काम झालं की सोडून द्यावं. तलावाला मात्र क्लोरीन हवाच. गावाला तो परका नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो तोच. २१,६०० लिटरला दोन पीपीएम क्लोरीन द्यायला साधारण एकशेतीस ग्रॅम चांगली पावडर लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी संध्याकाळी तलावात ओतावं, कारण उन्हात क्लोरीन भराभर उडतो. मग ओटी टेस्ट. नळीत पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, पाणी पांढरंच राहिलं तर पोरांना उतरू देऊ नये.

आता सर्वांत अवघड बाब, आणि तिला पंप किंवा पाइप उपयोगी नाही. भोर तालुक्यात येळवंडीवर भाटघर धरण आहे, नीरेवर नीरा-देवघर आहे. ते पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस, पंढरपूरपर्यंत जातं आणि धरणांच्या डोक्यावरच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा तालुक्यात २१,६०० लिटरचा खड्डा भरणं म्हणजे दोन टँकर परसात ओतणं. जलजीवन मिशननं माणशी दिवसाला पंचावन्न लिटरचं माप ठरवलं आहे. मे महिन्यात अठरा चौरस मीटरचा उघडा तलाव दिवसाला सात-आठ मिलिमीटर, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर पाणी नुसतं हवेला देतो. अडीच माणसांचा वाटा! उष्णतेसाठी आणलेलं झाकण इथे दुसऱ्यांदा कामी येतं, पण झाकलेला तलावही शेजारच्या हंड्यांच्या रांगेपुढे ओशाळवाणाच दिसणार.

यातून सुटायची वाट पावसात आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ऐंशी हजार लिटर पाणी हाती येतं. आंबवड्याच्या पश्चिमेला डोंगराकडे पाऊस याहूनही जास्त. म्हणजे श्रावण संपायच्या आत पन्हळीच्या पाण्यावर तलाव तीनदा भरून निघेल. पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडून पुढचं वाळूच्या फिल्टरमधून आत घेतलं की विहिरीला हात लावायची वेळ येत नाही. मग थंडीसाठी ते विहिरीएवढं ऊबदार नसेल, दोन-तीन अंश जास्त तापवावं लागेल. आंबवड्यासारख्या गावात हा सौदा परवडणारा आहे. उन्हाळा फारच तापला तर क्लोरीन थांबवून तेच पाणी जनावरांच्या धुण्याला आणि भाजीला देता येतं. मात्र त्याआधी झाकण काढून तीन-चार दिवस उन्हात ठेवावं आणि ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येत नाही ना, ते पाहावं.

टाक्याच्या पाण्याला तेवढीही वाट पाहायला नको. न्हाणीच्या मोरीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला सोडायची रीत जुनीच आहे. फक्त मोरीतून येतं बादलीनं आणि टाक्यातून येणार हजार लिटर एकदम. ते अळूच्या वाफ्यात सोडलं तर अळूच वाहून जाईल. पाणी निवू द्यावं, तळाला बंबाच्या फेऱ्याबाहेरची वेगळी नळी काढून तिला अर्धा इंची तोटी लावावी आणि नारळाच्या चार-पाच आळ्यांपर्यंत उताराचा चर काढून द्यावा.